एप्रिलचा पाऊस, जूनची झड

अमेरिकेत एप्रिल उजाडला की आपल्याकडच्या आंबा बागायतदारांइतक्याच धास्तीने आभाळाकडे बघणारी एक जमात जागी होते: रानटर्कीचे शिकारी. वसंतातला शिकारीचा हंगाम दक्षिणेला फ्लोरिडात मार्चमध्येच सुरू होतो आणि उन्हाबरोबर उत्तरेकडे सरकत मे महिन्यात मेन राज्यापर्यंत पोहोचतो. एका राज्यापुरता पाहिला तर तो जेमतेम काही आठवड्यांचा. नोकरदाराच्या वाट्याला त्यातले येणार शनिवार-रविवार, शिवाय कित्येक राज्यांत दुपारी बारा-एकच्या सुमारास बंदूक आवरती घ्यावी लागते. वर्षभर मनात घोळवलेल्या त्या शनिवारी पहाटे चारला छपरावर पाऊस वाजू लागला की सगळे मनसुबे पाण्यात. मग पुढच्या आठवड्यात राज्याच्या वन्यजीव विभागाचं पत्रक निघतं: पहिल्या शनिवार-रविवारी शिकार घटली, हवामान खराब होतं.

पत्रकात खोटं काही नसतं. फक्त त्यातलं ‘खराब’ शिकाऱ्याच्या रेनकोटातून बघून ठरवलेलं असतं. टर्कीच्या लेखी एप्रिलचा पाऊस ही किरकोळ बाब आहे. तिच्या वंशाचा सोक्षमोक्ष लावणारं हवामान येतं जूनमध्ये, शिकाऱ्यांच्या बंदुका कपाटात गेल्यावर, आणि त्याचा हिशेब लागतो दोन वर्षांनी. शिकारी, सरकारी खाती आणि गावोगावची वर्तमानपत्रं, सगळ्यांचं लक्ष भलत्याच पावसाकडे लागलेलं असतं. बऱ्याचदा ते सोयीचंही असतं.

ख्रिसमसच्या ताटात दिसणारी पांढरी, ढब्बी, धड उडता न येणारी टर्की डोळ्यांसमोरून आधी बाजूला सारायला हवी. रानातला नर सात ते अकरा किलोचा, अंगावर तांब्या-काशाची झळाळी, छातीवर घोड्याच्या शेपटीसारखा लोंबणारा केसाळ झुबका, ज्याला तिकडे दाढी म्हणतात. मोर ज्या कुळातला, त्याच कुळातला हा पक्षी. दिवसभर जमिनीवर चरतो, संध्याकाळी मात्र फडफडत उंच झाडावर चढतो आणि रातथारा तिथेच करतो. वासाचं त्याला फारसं कळत नाही. ती कसर नजर आणि कान भरून काढतात. मान जराशी फिरवली की चहूबाजूंचं दिसतं, आणि दूरवर वाळलं पान मोडलं तरी ऐकू येतं. पाऊस आणि वारा त्याच्या याच दोन हत्यारांवर घाला घालतात. खराब हवामानात टर्की जे काही करते, त्याचं बहुतेक उत्तर इथे सापडतं.

संततधार लागली की जंगलात पानापानावरून टपटप सुरू होते, फांद्या हलतात, सगळीकडे हालचाल आणि सगळीकडे आवाज. अशा गोंधळात कोल्ह्यासारखा कायोटी किंवा रानमांजरासारखा बॉबकॅट दबक्या पावलांनी आला तर कळणार कसं? म्हणून टर्की रान सोडून उघड्यावर येते. शेतात, कुरणात, वीजवाहिन्यांखालच्या मोकळ्या पट्ट्यात कळपच्या कळप पाठीला पोक काढून, शेपूट खाली टाकून उभे राहतात. पाठीवरून पाणी निथळत असतं आणि पक्षी जागचा हलत नाही. भिजायला तिची फारशी हरकत नसते, अवचित झडप पडायला असते. पाऊस थांबला की तिथेच पिसं झटकून, पंख पसरून वाळवणं चालतं. नवखा शिकारी रेनकोट घालून दाट झाडीत लपण शोधतो आणि दिवसभर पाणी अंगावर घेत बसतो. जाणता मोटारीतून उतरण्याआधी शेतांच्या कडा दुर्बिणीने न्याहाळतो.

वाऱ्याचं प्रकरण पावसाहून वाईट. पावसात निदान साद ऐकू येते, सोसाट्याच्या वाऱ्यात तीही विरते. वारा सुटला की पक्षी टेकडीची आडोशाची बाजू, ओढ्याकाठचा सखल भाग, दरीचा तळ असा निवारा धरतात. धुक्याची तऱ्हा आणखी निराळी. खालची जमीन दिसत नाही तोवर झाडावरून उतरायची घाई नाही. त्यामुळे उजाडून तासभर झाला तरी नर फांदीवरच बसून राहतो आणि खाली बसलेल्या माणसाचे पाय बधिर होतात.

या शिकारीचा सगळा खेळ आवाजावर आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय शिकाऱ्याची चिडचिड कळत नाही. वसंतात नर रातथाऱ्यावरूनच पहाटे ‘गॉबल’ करतो, म्हणजे घशातून खळखळत येणारी दणदणीत साद घालतो. शांत, कोरड्या पहाटे ती किलोमीटरभर सहज पोहोचते. खरं तर ती ऐकून मादीने नराकडे जायचं असतं. शिकारी हा रिवाज उलटा फिरवतो. मादीचा आवाज काढून नरालाच आपल्याकडे ओढतो. नर पिसारा फुलवून, पंखांची टोकं जमिनीवर घासत, अंगाच्या दीड-दोनपट होऊन डौलात येतो. छऱ्याच्या बंदुकीच्या टप्प्यात, साधारण चाळीस पावलांत, आला तर आला. नाहीतर झाडाआड थबकून ‘बाई दिसत का नाही’ याचा विचार करतो आणि परत जातो. दहापैकी बऱ्याच सकाळी तो परतच जातो.

आग्नेय अमेरिकेतल्या जंगलांत संशोधकांनी झाडांना स्वयंचलित ध्वनिमुद्रक बांधून महिनोन्महिने या सादा मोजल्या आहेत. वारा आणि पाऊस वाढला की साद घटते, हा शिकाऱ्यांचा अनुभव त्यात खरा ठरला. पण याच प्रकारच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे आली, जी शिकाऱ्यांच्या गप्पांत सहसा निघत नाही. हंगाम सुरू होऊन माणसांची वर्दळ वाढली की साद कमी होते. ज्या शांततेचं खापर ढगांवर फुटतं, तिच्यातला काही वाटा जंगलात शिरलेल्या बुटांचा असतो. तो किती, हे जागेजागेवर अवलंबून. पण ढग काही जाब द्यायला येत नाहीत.

मेघगर्जनेला मात्र नर न चुकता उत्तर देतो. आभाळ गडगडलं की फांदीवरचा गडी अंगात आल्यासारखा गॉबल करतो. हा विचार करून दिलेला प्रतिसाद नव्हे. मोठ्या आवाजाने बसलेला तो धक्का आहे. घुबडाचा घुत्कार, कावळ्याची काव, मोटारीचं दार आपटणं, कशालाही हे उत्तर मिळतं. शिकारी त्याचाच फायदा घेऊन संधिप्रकाशात घुबडाची नक्कल करतात आणि नर कुठल्या झाडावर आहे ते हेरून ठेवतात. ढग दाटले की केकारव करणारा मोर आपल्या ओळखीचा आहे. त्याच्या या अमेरिकी भावकीला निदान गडगडाटाचं वेड तरी सारखंच दिसतं.

गडगडाट ऐकून शिकाऱ्याने मात्र उठायला हवं. टर्कीच्या शिकारीत सुरक्षेचा पहिला धडा असतो: खांद्यांपेक्षा रुंद खोडाला पाठ टेकून बसा. मागून दुसरा कोणी शिकारी आला आणि मादीच्या आवाजाला फसून त्याने गोळी झाडली, तर खोड आड येतं. विजा चमकू लागल्या की नेमकं तेच मोठं झाड जिवावर उठतं. पक्षी ऐन गडगडाटात साद घालतोय, खेळ रंगात आलाय, अशा वेळी झाड सोडून मोटारीकडे चालू लागणं किती जणांना जमत असेल, देव जाणे.

पावसात हत्यारांचीही परीक्षा होते. इथे बंदुकीपेक्षा आवाज काढायची साधनं महत्त्वाची. सगळ्यात लाडका बॉक्स कॉल, म्हणजे देवदारासारख्या पातळ लाकडाची, कंपासपेटीसारखी लांबट पेटी. वर झाकणासारखी फळी, एका टोकाला स्क्रूने अडकवलेली. फळीच्या पोटाला खडू घासायचा आणि पेटीच्या कडेवरून ती अलगद ओढायची. कुईऽक असा मादीचा हुबेहूब आवाज निघतो. पाण्याचे चार थेंब पडले की खडूचा चिखल होतो, लाकूड फुगतं आणि मादीचा घसा बसतो. जुने शिकारी यावर साधा उपाय करतात. पावाची रिकामी प्लास्टिक पिशवी घेऊन पेटी तिच्यात घालतात आणि हात पिशवीत घालून आतल्या आतच वाजवतात. पाटीच्या गोल तुकड्यावर लाकडी काडी घासून वाजवायचं साधन पावसात असंच दगा देतं. काच किंवा ॲल्युमिनियमची चकती जरा तग धरते. पावसाची अजिबात पर्वा नसते ती टाळूला चिकटवायच्या रबरी पट्टीला. तिला हातही लागत नाहीत. फक्त ती वाजवायला शिकताना पहिले काही दिवस उमासे येतात आणि घरातली माणसं दुसऱ्या खोलीत निघून जातात.

पावसाने शिकाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही असंही नाही. ओला पाचोळा वाजत नाही, त्यामुळे एरवी अशक्य वाटणारं अंतर सरपटत कापता येतं. आणि पाऊस थांबून ऊन पडतं त्या तासाची तर जाणते वाट बघत असतात. शेतात पिसं वाळवणारे नर अचानक पिसारा फुलवू लागतात आणि सकाळभर मुके असलेले गळे मोकळे होतात.

भिजलेल्या टर्कीचं अंग काळपट, ओळखू न येणारं होतं, पण डोकं आणि मान उघडी असल्याने लाल, पांढरी, निळी दिसतच राहतात. शिकाऱ्यांनी अंगावर या तीन रंगांचा रुमालसुद्धा घालू नये, असा दंडक याच कारणाने आहे. त्या डोक्याचे रंग क्षणाक्षणाला बदलतात ही गोष्ट एका मोगल बादशहानेही टिपून ठेवली होती, आणि तो पक्षी त्याच्यापर्यंत पोहोचला होता गोव्यातून. जहांगीरचा सरदार मुकर्रबखान १६१२ साली गोव्याहून जे नवलाईचे जीव घेऊन आला, त्यांत एक टर्की होती. पोर्तुगीजांनी ती अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आणलेली. बादशहाच्या हुकमावरून उस्ताद मन्सूरने तिचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रातही डोक्या-मानेवरच्या मांसल गाठींचे रंग बारकाईने भरलेले दिसतात.

आता खऱ्या पावसाकडे.

मादी वसंतात जमिनीवरच, झुडपाच्या बुडाशी किंवा गवतात, साधा खळगा करून दहा-बारा अंडी घालते. रोज सुमारे एक. सगळी अंडी घालून झाली की खुडूक बसते आणि सुमारे २८ दिवस उबवते. बहुतेक भागांत पिल्लं बाहेर पडतात मेच्या अखेरीपासून जूनपर्यंत. पिल्लू जन्मतःच पायांवर उभं राहतं, दुसऱ्या दिवसापासून आईमागे किडे टिपत फिरतं. पण दोन आठवडे त्याला नीट उडता येत नाही. झाडावर चढणं नाही, रात्र जमिनीवर आईच्या पंखाखाली. अंगावर फक्त मऊ लव, जी पाण्याला अडवत नाही. अशा वेळी दोन-तीन दिवस गार झड लागली की पेच पडतो. ऊब हवी तर आईच्या पोटाखाली राहावं लागतं, आणि मग पोट रिकामं राहतं. किडे टिपायला बाहेर पडावं तर अंग भिजतं, गारठतं. वाढीसाठी लागणारी प्रथिनं किड्यांतून येतात, आणि थंड पावसात किडेही दडी मारून बसतात. टर्कीच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी पडझड याच पंधरवड्यात होते.

त्या वेळी जंगलात शिकारी नसतो. वसंताचा हंगाम संपलेला असतो. जूनमध्ये मेलेलं पिल्लू कोणाच्या पत्रकात येत नाही. ते येतं दोन वर्षांनी, वेगळ्या रूपात. कारण वसंतात सर्वात जास्त साद घालणारा, आवाजाला सर्वात लवकर भुलणारा नर असतो दोन वर्षांचा. एक वर्षाचे नर कमी बोलतात, म्हातारे शहाणे झालेले असतात. म्हणजे यंदाच्या एप्रिलमध्ये जंगल मुकं वाटत असेल, तर आजच्या पावसापेक्षा परवाच्या वर्षीच्या जूनची पर्जन्यनोंद उघडून बघणं जास्त कामाचं. हे साधं गणित अनेक शिकाऱ्यांना ठाऊकही आहे. तरी शनिवारी रात्री चुलीभोवती शिव्या खातो तो सकाळचा पाऊसच.

इथवर वाचून कोणी म्हणेल, चला, म्हणजे दोष पावसाचाच, फक्त महिना चुकला होता. इतकं सरळ ते नाही.

अनेक वर्षं अमेरिकी वन्यजीवशास्त्रात ‘ओली मादी’ नावाचा एक तर्क प्रचलित होता. पावसात भिजलेल्या खुडूक मादीच्या अंगाचा वास जास्त पसरतो, त्यामुळे रॅकून, स्कंक, कोल्हे यांना घरटं सापडतं आणि अंडी जातात, असा तो तर्क. न्यूयॉर्क राज्यासह काही ठिकाणच्या अभ्यासांनी त्याला बळ दिलं होतं, आणि ऐकायला तो पटण्याजोगाही आहे. पण २०२३ साली आग्नेयेकडच्या अनेक राज्यांतल्या, अंगावर जीपीएस यंत्र बसवलेल्या माद्यांची कित्येक वर्षांची माहिती एकत्र करून तपासली गेली, तेव्हा उबवणीच्या दिवसांतल्या पावसावरून घरट्याच्या यशाचा अंदाज बांधता येत नाही असं दिसलं. पाऊस झाला म्हणून घरटी जास्त गेली, असं त्या भागात तरी म्हणता येईना. पिल्लांची गोष्ट वेगळी, उत्तरेकडच्या गार जूनची वेगळी. पण ‘पावसाने अंडी घालवली’ हे वाक्य आता डोळे झाकून लिहिता येत नाही.

आणि टेक्ससमध्ये गेलं तर अर्थच उलटा होतो. तिथली रिओ ग्रँड जातीची टर्की कोरड्या मुलखातली. दुष्काळी वर्षी तिच्यातल्या पुष्कळ माद्या घरट्याच्या भानगडीतच पडत नाहीत. गवत नाही, आडोसा नाही, किडे नाहीत, तर अंडी घालून करायचं काय? २०११ साली टेक्ससने नोंदींतला सर्वात भीषण एका वर्षाचा दुष्काळ पाहिला. अशा वर्षांत विणीचा हंगाम जवळजवळ वाया जातो, आणि हिवाळा-वसंतात चांगला पाऊस झालेल्या वर्षी तीच माळरानं पिल्लांनी भरतात. पेनसिल्व्हेनियातला माणूस ज्या पावसाला शिव्या देतो, त्यासाठी टेक्ससचा पशुपालक देवाला नवस बोलतो. शिकार दोघांची टर्कीचीच.

हिवाळ्यात टर्की टिकेल का, याबद्दलचा अंदाज तर सपशेल चुकला होता. जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रानटर्की बहुतेक राज्यांतून नाहीशी झाली होती. मॅसॅच्युसेट्समध्ये शेवटची टर्की १८५१ साली दिसली. १९३० च्या दशकात साऱ्या देशात जेमतेम दोन लाखांच्या आसपास उरल्या असाव्यात. १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला आणि बंदुका व काडतुसांवरच्या करातून राज्यांना वन्यजीवांसाठी पैसा मिळू लागला. १९५० नंतर तोफगोळ्यासारख्या उडणाऱ्या जाळ्यांनी रानातले पक्षी जिवंत पकडून दुसरीकडे सोडण्याची युक्ती साधली. मिसूरीने आपल्या टर्की देऊन बदल्यात विस्कॉन्सिनकडून ग्राऊस पक्षी आणि केंटकीकडून पाणमांजरं घेतली, असे सौदे झाले. १९७६ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये पक्षी सोडले गेले, तेव्हा तिथल्या बर्फात ते टिकतील का, ही शंका रास्त होती. मऊ, भुसभुशीत बर्फ फूटभर साचलं की टर्कीला चालता येत नाही, पोट बर्फाला टेकतं.

पण झालं भलतंच. वादळ असलं की टर्की झाडावर बसून राहते, आठवडाभर न खाताही तगते. बर्फ कडक झालं की त्यावरून चालत झऱ्यांच्या उगमाच्या ओलसर जागा गाठते, जिथे जमिनीतून येणाऱ्या पाण्याने बर्फ टिकत नाही. आणि विस्कॉन्सिन हे गाईंचं राज्य. गोठ्यातलं शेण हिवाळ्यात शेतावर पसरलं जातं, त्यात न पचलेले मक्याचे दाणे असतात. भर जानेवारीत पांढऱ्या शेतात शेणाच्या काळ्या पट्ट्यावर टर्कींची रांग दाणे वेचताना दिसते. साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्समध्ये तर टर्की मुळात नव्हतीच. १९४८ पासून आणून सोडलेले मेरियम जातीचे पक्षी हिवाळ्यात पशुपालकांच्या वाड्यांवर उतरतात, गुरांपुढच्या चाऱ्यात वाटा मागतात आणि बर्फ वितळेल तसे वर चढतात. आज ही प्रजाती तिच्या मूळ सीमेपलीकडे, उत्तरेला कॅनडापर्यंत पसरली आहे. हवामान कडक असूनही, कारण जमिनीवर खायला होतं.

नेमका इथेच मुद्दा आहे. गेल्या वीसेक वर्षांत अमेरिकेच्या दक्षिण आणि मध्य भागांतल्या राज्यांत टर्की घटते आहे. मिसूरीत २००४ च्या वसंतात ६० हजारांहून जास्त पक्ष्यांची विक्रमी शिकार झाली होती. २०१९ नंतरची काही वर्षं हा आकडा ३५ ते ४० हजारांच्या घरात रेंगाळला. दर वेळी कुठल्या ना कुठल्या पावसाळी जूनचं नाव पुढे आलं. एखादं वर्ष तसं असतंही. पण पावसाळी जून शंभर वर्षांपूर्वीही येत होता, आणि १९८०-९० च्या दशकांत टर्की झपाट्याने वाढत होती तेव्हाही येतच होता. मधल्या काळात बदलली ती जमीन. पडीक शेतं गेली, बांधावरची झुडपं गेली, आणि लाखो एकर कुरणांवर टॉल फेस्क्यू हे युरोपातून आलेलं गवत पसरलं. ते खाली गालिच्यासारखं दाट वाढतं. मूठभर पिल्लाला त्यातून वाट काढता येत नाही, आणि सकाळच्या नुसत्या दवानेही ते चिंब होतं. देशी गवताचे ठोंब सुटे-सुटे असतात. त्यांच्यामधून मोकळी जमीन, वर सावली, आणि किड्यांची रेलचेल. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो, पिल्लं मात्र दुसरीकडे जास्त वाचतात.

पावसावर ठपका ठेवण्यात एक मोठी सोय आहे. त्यासाठी कोणाला काही करावं लागत नाही, कोणाचं मन दुखावत नाही, अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. राज्यांनी हातपाय हलवलेच नाहीत असं नव्हे. जॉर्जियाने २०२२ मध्ये हंगामात एका शिकाऱ्याला मिळणाऱ्या पक्ष्यांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. टेनेसीने २०२३ मध्ये तेच केलं आणि हंगामही राज्यभर दोन आठवडे पुढे ढकलला. पण टेनेसीतच झालेल्या अभ्यासात हंगाम उशिरा सुरू केल्याने घरट्यांच्या यशात लक्षणीय फरक आढळला नाही. तारखा बदलणं स्वस्त असतं, म्हणून ते आधी होतं. जमीन सुधारणं महाग आणि चिकाटीचं काम. दक्षिणेतल्या पाइनच्या जंगलांत दर दोन-तीन वर्षांनी मुद्दाम, आखून वणवा लावावा लागतो, म्हणजे खालचा पाला-झुडूप मोकळं राहतं आणि मादीला पिल्लं घेऊन फिरता येतं. त्यासाठी माणसं लागतात, योग्य वाऱ्याचे दिवस लागतात, शेजाऱ्यांची संमती लागते. कुरणातलं फेस्क्यू काढून देशी गवत रुजवायला काही वर्षं जातात. शिकाऱ्यांच्या संघटनांनी हंगामाच्या तारखांवरून जितकी भांडणं केली, त्याच्या निम्मा जोर या कामाच्या निधीसाठी लावला असता तर बरं झालं असतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे सगळं परक्या शौकाचं पुराण वाटू शकतं. पण न्यू जर्सी किंवा बॉस्टनच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या अंगणात हे पक्षी आज सर्रास दिसतात. मोटारीच्या चकचकीत दारात स्वतःचं प्रतिबिंब बघून चोच मारणाऱ्या नराचे व्हिडिओ पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांच्या फोनवर पोहोचतात. या मंडळींना बंदूक न उचलता करता येण्यासारखं एक काम आहे. बऱ्याच राज्यांचे वन्यजीव विभाग उन्हाळ्यात, मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये, सामान्य लोकांकडून टर्कीची मोजणी करून घेतात. किती माद्या दिसल्या आणि त्यांच्याबरोबर किती पिल्लं, एवढंच ऑनलाइन फॉर्मवर भरायचं असतं. दर मादीमागे दोनच्या आसपास पिल्लं निघाली तर कळप टिकतो, असं जाणकारांचं ढोबळ गणित. लोक उत्साहाने पिल्लांची रांग नोंदवतात, आणि एकटी, पिल्लांविना चरणारी मादी दिसली तर ‘यात काय सांगायचं’ म्हणून सोडून देतात. त्यामुळे गणित फुगतं. जूनच्या झडीत काय झालं हे सर्वात स्पष्ट सांगणारी नोंद त्या एकट्या मादीचीच असते, आणि फॉर्ममध्ये तिच्यासाठीही रकाना असतो.